सबनीस भाऊजींची तीन मिनिटं

सबनीस भाऊजी कुणाच्याही घरी गेले, की आधी टीव्हीच्या मागे हात घालतात. डॉक्टरसारखा तळहात टेकवून म्हणतात, "वहिनी, ताप आहे. हात लावून बघा!" आणि प्लग काढून टाकतात. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी शिरा गरम ठेवायचं भांडंही बंद केलं. सगळ्यांनी गार प्रसाद खाल्ला. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या थंडीत स्वतः कोट घालून जेवतात, पण हीटर वाढवू देत नाहीत.

भारतात ते अणुवीज केंद्रात इंजिनिअर होते. कोळशाने पृथ्वी तापली, आता अणूच वाचवणार, असं त्यांचं म्हणणं. मुलगी अनघा इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. बायको गेल्यावर ते तिच्याकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आले. तिचं मत नेमकं उलटं.

"बाबा, तो कचरा कुठे ठेवणार? आणि बॉम्ब?"

"बॉम्ब वेगळा, वीज वेगळी!"

जेवताना रोज हेच.

मग इथल्याच एका जुन्या अणुवीज केंद्राबद्दल सभा ठरली. ते पुढे चालवायचं की बंद करायचं, यावर लोकांनी बोलायचं. माणशी तीन मिनिटं. दोघांनीही नावं दिली.

अनघा म्हणाली, "बाबा, तिथे माझ्याविरुद्ध बोललात, तर या विषयावर मी पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. सीरियसली."

दुसऱ्या कुठल्या विषयावर ते दोघं बोलतच नव्हते.

तरी भाऊजी रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन भाषण पाठ करत. मी पोळ्या लाटत मान हलवायची. सभेला मलाही नेलं, दोघांच्या मध्ये बसायला.

अनघा माइकपाशी गेली. दोनदा अडखळली. घंटा वाजली तेव्हा निम्मा कागद उरला होता. लगेच सबनीसांचं नाव पुकारलं. भाऊजी उठले. अनघा खाली बघत उभी होती.

"गिव्ह माय थ्री मिनिट्स टु हर," भाऊजी म्हणाले. एवढं इंग्रजी मलाही कळलं. मग मराठीत तिला म्हणाले, "सावकाश वाच. कचऱ्याचा मुद्दा राहिलाय."

परतताना अनघा गाडी चालवत होती. सिग्नलला भाऊजींनी स्टिअरिंगवरच्या तिच्या हातावर तळहात टेकवला.

"बर्फ झालाय नुसता," म्हणाले, आणि स्वतः हीटर वाढवला.

"आता ऐक. तुझा पहिलाच मुद्दा चुकीचा होता."

"बोला, बाबा," अनघा म्हणाली.