दुखणं शेजाऱ्याचं

ग्यानबामामांना आजवर कधी काही झालेलं नाही. जे होतं ते दुसऱ्याला. दाढ ठणकली की म्हणणार, "बैलाची दाढ दुखून राहिली," आणि स्वतःचा गाल धरून बसणार. डोंगरकडा गावात आमची भिंतीला भिंत, त्यामुळं त्यांची निम्मी दुखणी माझ्याच नावावर खपतात.

मामी गेल्या तेव्हा मामा रडले नाहीत. माणूस लई धीराचा, म्हणून गावानं वाखाणलं. पण तेव्हापासून त्यांची झोप जी उडाली ती उडालीच. केळीच्या बागेत उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. एकदा तर पाटात आडवे झाले. मी म्हटलं, हिंगोलीच्या दवाखान्यात मनाचं दुखणं बघणाऱ्या एक मॅडम बसतात, जाऊन या. तर ह्या भल्या माणसानं मलाच जीपमध्ये कोंबलं.

मॅडमपुढं मला बसवून म्हणाले, "ह्येला झोप येत न्हाई. बायको वारली ह्येची."

मी गारच पडलो. घरी आमची ही चांगली भाकऱ्या थापून राहिली होती!

मॅडमनी एकदा मला पाहिलं, एकदा मामांना, आणि काय ते ओळखलं. एक रिकामी खुर्ची मामांसमोर ओढली. म्हणाल्या, यांना बोलायला जमत नाहीये, यांच्या वतीनं तुम्हीच बोला. यांची बायको इथं बसलीय असं समजा.

मामा हसले. टोपी काढली, परत घातली. मग खुर्चीकडं बघत हळूच म्हणाले, "तुह्या मातीला पाव्हणे आले. मी त्यायला सावली-पाणी करत हिंडलो. तुह्यापाशी बसलोच न्हाई गं."

आणि हमसून हमसून रडायला लागले. मी सवयीनं धीर द्यायला तोंड उघडलं, तर मॅडमनी हातानंच गप्प केलं. मामांचं रडून होईस्तोवर त्या नुसत्या जवळ बसून राहिल्या. आमच्या गावात कुणी कुणाला इतकं रडू देत नाही.

पुढच्या खेपांना मामा एकटेच गेले. आता झोप थोडी थोडी लागते म्हणतात.

परवा दिवेलागणीला ते आमच्या दारात आले. मी नेहमीसारखी चेष्टा केली, काय मामा, आज कोण आजारी? ते उंबऱ्यावर टेकले.

"कोणी न्हाई. घरात गेलो की हाक कुणाला मारावी, तेच कळंना मला. बसू दे जराशी."

मी नुसता शेजारी बसून राहिलो.