अर्ध्या गालाची सहल

समुद्रकाठच्या सहलींची खिडकी कायमची, फिरती खुर्ची आणि वर्षातून एक सहल फुकट: सहल कंपनीतल्या कारकुनाला एवढं सगळं मिळणार होतं. त्यासाठी फक्त थोडं रापायचं होतं. साहेब म्हणालेच होते, "अहो, तुमच्याकडे पाहून वाटतं, बादलीपलीकडे पाणी पाहिलं नसेल. गिऱ्हाईक विश्वास कसा ठेवणार?"

रविवारी कारकून अंगाला तेल चोपडून गच्चीवर पालथा पडला.

"थोरल्या भाऊजींचा तीळ कर्करोगाचा निघाला, कापावा लागला, विसरलात?" कपडे वाळत घालताना बायको म्हणाली. "सगळ्या भावांनी दर वर्षी कातडी तपासून घ्यावी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. ते दोन वर्षं टाळताय, आणि आता वर भाजून घेताय!"

"दहाच मिनिटं गं."

दहा मिनिटांत तो घोरू लागला. जागा झाला तेव्हा डावा गाल आणि अख्खी पाठ लालभडक. उजवा गाल होता तसाच.

सोमवारी पहिलं जोडपं आलं. कारकुनाने डावा गाल पुढे केला. "परवाच या समुद्रावरून आलोय!"

दोघांनी त्या गालाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. "बर्फाच्या सहलींची खिडकी कुठली हो?"

ती शेजारची होती. दुपारपर्यंत तिथली रांग दाराबाहेर गेली. साहेबांनी कारकुनाला घरी धाडलं. "दोन्ही गाल एका रंगाचे झाले की या."

बायकोने त्याला थेट डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. त्या भिंग घेऊन पाठ पाहू लागल्या आणि एका जागी थांबल्या.

"हा तीळ?"

"जुनाच आहे," कारकून म्हणाला.

"पण हल्ली वाढलाय," बायको हळूच म्हणाली. "कडाही वेड्यावाकड्या झाल्यात."

तीळ काढून तपासायला गेला. पुढचा आठवडाभर घरात कुणी भांडलं नाही, यावरून काळजी केवढी होती ते ओळखावं.

"सुरुवातच होती. सगळा निघालाय," अहवाल वाचून डॉक्टरीणबाई हसल्या. "पण तपासणी आता चुकवायची नाही, आणि गच्चीवर भाजणं बंद. आभार मानायचेत ना? उन्हाचे नकोत. यांचे माना."

बायको आधी रडली, मग घरापर्यंत बोलत राहिली.

बढती शेजारच्या खिडकीतल्या बाईंना मिळाली, साहेबांना बर्फाचं गिऱ्हाईक. कारकुनाला मिळाले चार टाके, एक रुंद काठाची टोपी आणि पुढचं सगळं आयुष्य. त्याची किंमत तो रोज जेवताना चुकती करतो. बायको म्हणते, "मी सांगत होते ना?" आणि तो मुकाट्याने म्हणतो, "हो."