प्लास्टरच्या खोलीतली मुलाखत

मुलाखत दुपारी होती आणि सकाळपासून वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चालू होतं. निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहातला वरचा एक नळ कित्येक महिने गळत होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण दुरुस्तीला मुहूर्त सापडला तो नेमका आजचा. शेजारच्या पलंगावर तिची मैत्रीण रात्रपाळी करून आलेली, तोंडावर उशी दाबून पडली होती. उशीखालून अधूनमधून कारागिरांच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकू येत होता.

ती लहान मुलांची डॉक्टर. म्हणजे होत आलेली. शेवटचं वर्ष चालू होतं. रडणाऱ्या पोरांना रबरी हातमोजे फुगवून द्यायच्या सवयीमुळे सगळा वॉर्ड तिला फुगाडॉक्टर म्हणायचा. आता तिला पुढे लहान मुलांच्या हृदयाचं शिक्षण घ्यायचं होतं. फेलोशिप म्हणतात त्याला. जागा मोजक्या, उमेदवार उदंड. अर्ज तिने बऱ्याच ठिकाणी केले होते, पण जीव अडकला होता एकाच जागी. त्या हॉस्पिटलचं नाव मोठं होतं, हे खरंच. आणि त्याच गावात तिचा नवरा राहत होता, हेही खरं.

नवरा सरकारी खात्यात पुलांचा इंजिनिअर. लग्न दोघांच्या रजा जुळवून लागलं आणि मांडव उतरेपर्यंत रजाही संपल्या. तेव्हापासून संसार फोनवर. सकाळी ती इकडे दात घासायची, तो तिकडे दात घासायचा. फेसामुळे दोघांनाही बोलता यायचं नाही, पण तेवढाच सहवास. एकदा तो रजा काढून आला, तर त्याच दिवशी वॉर्डात तीन पोरांना एकदम फिट्स आल्या. तो दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि कुणाच्या तरी आजीने त्याला, "कितव्या खाटेवरचा तुमचा?" असं विचारलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती सुट्टीवर होती. दोघं बागेत जाऊन बसली आणि ती त्याच्या खांद्यावर जी झोपली ती रखवालदाराने शिट्टी वाजवली तेव्हाच उठली. वसतिगृहाकडे परतताना तो म्हणाला, "छान गेला दिवस." त्याने ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून तिला जास्तच रडू आलं.

मुलाखतीची तयारी करून घेतली होती आजोबांनी. हे आजोबा म्हणजे तिशीतलाच एक सीनियर. परीक्षेत दोनदा आपटल्यामुळे वसतिगृहातला सर्वांत जुना रहिवासी, म्हणून आजोबा.

"हे बघ फुगे," आजोबा म्हणाले होते, "तुला विचारतील, आमच्याच गावात का? तेव्हा चुकूनही नवऱ्याचं नाव काढायचं नाही. नवरा म्हटलास की त्यांना पाळणा दिसतो, पाळणा दिसला की रजा दिसते. संपलं."

"मग काय सांगू?"

"त्यांच्या विभागाचं काम, त्यांच्या उपकरणांची कीर्ती, त्यांच्या प्रमुखांचा हात. त्या गावात तुझ्या ओळखीचं कुत्रंही नाही."

तिने हे वाक्य आरशासमोर पाठ केलं होतं. कुत्रं तेवढं वगळलं होतं.

आता प्रश्न होता जागेचा. मुलाखत लॅपटॉपवर होती आणि हॉस्पिटलात शांत कोपरा म्हणजे वाळवंटात विहीर. वाचनालयात रंगकाम, डॉक्टरांच्या खोलीत कॅरम. शेवटी तिने मोठ्या सिस्टरना गाठलं. मोठ्या सिस्टर म्हणजे हाडांच्या विभागाचा कणा. त्यांच्यासमोर हाडंसुद्धा सरळ व्हायची.

"प्लास्टरची खोली घ्या," सिस्टर म्हणाल्या. "आज दुपारी प्लास्टर नसतं. आतल्या बाजूला पडद्यामागे टेबल आहे, तिथे बसा. बाहेर मी बसते."

"कुणी आलं तर?"

"देव आला तरी सोडणार नाही. नंबर लावा म्हणीन."

अशा रीतीने फुगाडॉक्टर प्लास्टरच्या गोण्यांमध्ये, मैत्रिणीचा इस्त्रीचा कोट घालून, पडद्यामागे बसली. लॅपटॉपवर तीन चेहरे उमटले: मध्ये विभागप्रमुख, डावीकडे चष्म्याच्या मॅडम आणि उजवीकडे एक वयस्क डॉक्टर. हे शेवटचे गृहस्थ काही बोलत नव्हते. नुसते तिच्याकडे बघत होते, उकळी कधी येते म्हणून दुधाकडे बघावं तसे.

सुरुवात छान झाली. मॅडमनी बाळाच्या हृदयातल्या छिद्राबद्दल विचारलं; कधी वाट बघायची आणि कधी शस्त्रक्रियेला पाठवायचं. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती बोलत होती, प्रमुख मान डोलवत होते. आणि तेवढ्यात बाहेरच्या दारापाशी आवाज चढला.

"नंबर लावा," सिस्टर म्हणाल्या.

"कसला नंबर? मी डॉक्टरांचा नवरा आहे!"

तिची जीभ छिद्राच्या काठावर अडखळली. तो आवाज ती रोज सकाळी फेसातून ऐकत होती.

"मॅडमचे मिस्टर लांबच्या गावी असतात," सिस्टर ठणकावत होत्या. "मला सगळं माहिती आहे. मागच्या आठवड्यात एक औषधकंपनीवाला भाऊ म्हणून घुसला होता. आता तुम्ही नवरा व्हा!"

"अहो, मी खरंच तिला न सांगता आलोय. मुलाखतीआधी एकदा बघावं म्हणून. गाडी उशिरा पोचली. आत जाऊ नका म्हणता तर नाही जात, पण फटीतून—"

धाड्कन दार लागलं. पाठोपाठ "आई गं!"

"डॉक्टर, काय झालं?" प्रमुखांनी विचारलं.

"काही नाही सर. पेशंट आहे."

बाहेर सिस्टरचा सूर एकदम मवाळ झाला होता. "बोटं कशाला घालायची फटीत? बघू. हलतात का? हलतात. तरी चला आत, बर्फ देते. नवरा म्हणून नाही हां, पेशंट म्हणून घेतेय. इथे स्टुलावर बसा आणि ब्र काढू नका. मी बर्फ घेऊन आलेच."

पावलं दूर गेली. पडद्यापलीकडे स्टूल करकरलं. हातभर अंतरावर तिचा नवरा बसला होता. कितीतरी आठवड्यांनी तो तिच्या इतका जवळ आला होता आणि मध्ये हॉस्पिटलचा हिरवा पडदा होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. समोर मॅडम औषधाची मात्रा विचारत होत्या. तिने ती बरोबर सांगितली, ही तिच्या शिक्षणाची कमाल.

मग दार पुन्हा उघडलं. "मनगट मोडलंय ते तुम्हीच ना?" हा आवाज प्लास्टरमामांचा. मामांना त्या दुपारी खरं तर सुट्टी होती, पण एक तातडीचं मनगट आलंय म्हणून त्यांना घरून बोलावलं होतं. ते मनगटवाले गृहस्थ मामांची वाट बघून कंटाळून चहाला गेले होते. मामांना दिसला तो स्टुलावर बसलेला, एक हात दुसऱ्या हातात धरून कळवळणारा माणूस. यात मामांचा काय दोष?

"मला काही झालेलं नाही," नवरा कुजबुजला.

"सगळे असंच म्हणतात. हात पुढे करा."

"अहो, नुसती बोटं चेमटलीत."

"कागदावर मनगट लिहिलंय. डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? आणि कुजबुजताय कशाला? घसा पण धरलाय?"

पाण्यात पट्टी बुडल्याचा आवाज आला. तिला सगळं कळत होतं. पण उठावं तर मुलाखत जाते आणि बसावं तर नवऱ्याचा हात जातो.

नेमकं तेव्हाच प्रमुख खुर्चीत मागे रेलले. "आता एक साधा प्रश्न. तुम्हाला इतर चांगली हॉस्पिटलं मिळू शकतात. मग आमच्याच गावात का?"

"सर, तुमच्या विभागाचं काम," तिने पाठांतर सुरू केलं, "तुमची उपकरणं, तुमचा हात—"

"हात सोडा माझा!" पडद्यामागून आवाज आला.

"इथे कुणी ओळखीचं? नातेवाईक?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. कुणीच नाही."

पडदा सर्रकन बाजूला झाला. कोपरापर्यंत ओलं पांढरं प्लास्टर ठिबकवत नवरा तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याच्यामागे दुसरी पट्टी हातात घेतलेले मामा.

"अगं, तू तरी सांग ना यांना!"

लॅपटॉपवरचे तिघा परीक्षकांचे चेहरे एकदम जवळ आले.

"हे कोण?" प्रमुखांनी विचारलं.

"पेशंट," ती म्हणाली.

"नवरा," तो म्हणाला. आणि सवयीने पुढे म्हणाला, "नमस्कार सर. तुमच्याच गावात असतो मी. हॉस्पिटलच्या मागच्या पुलाचं काम माझ्याकडेच आहे."

तिच्या डोळ्यांपुढे आजोबांचा पाळणा येऊन झुलून गेला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने मैत्रिणीच्या कोटाची बटणं सारखी केली आणि सरळ बसली.

"सर, मी खोटं बोलले. मला तुमच्याकडे हृदयाचं काम शिकायचंय, ते मात्र खरं आहे. तो माझा ध्यास आहे. पण काम संपवून घरी गेल्यावर आतून कुणीतरी दार उघडावं, असंही वाटतं. मी कुलूप उघडून उघडून कंटाळलेय, सर. या दोन्ही गोष्टी एकाच गावात आहेत. आता त्याला मी काय करू?"

मामांनी पट्टी खाली ठेवली. मॅडमनी चष्मा काढून पुसला. आणि इतका वेळ गप्प बसलेले ते वयस्क डॉक्टर पहिल्यांदाच बोलले.

"पूल कधी होणार?"

"सर?" नवरा म्हणाला.

"तो पूल. तुम्ही रस्ता बंद केल्यापासून मी रोज गावाला वळसा घालून कामाला येतो. माझा पाठीचा कणा गेला. कधी होणार?"

"खालची जमीन जरा ठिसूळ निघाली, सर, त्यामुळे—"

"आमच्या रुग्णवाहिकाही वळसा घालतात," प्रमुख म्हणाले. "तुमचे वरिष्ठ कोण?"

यापुढची मुलाखत पुलाची झाली. खांब, ठेकेदार, लोखंड, सगळं निघालं. नवऱ्याने ओल्या प्लास्टरचा हात हवेत फिरवून कमानी काढून दाखवल्या, तिच्या कोटावर शिंतोडे उडवले आणि शेवटी छातीठोकपणे सांगितलं, "सर, शब्द देतो. वर्ष संपायच्या आत तुम्ही पुलावरून याल." वेळ संपली. लॅपटॉप काळा झाला.

"मी त्यांना अजून दोन प्रश्न विचारणार होते," ती म्हणाली. मग तिला हुंदका आला आणि हुंदक्यातच हसू फुटलं.

चहा संपवून खरे मनगटवाले दारात आले. "माझा नंबर आला का?" सिस्टर बर्फ घेऊन आल्या, सगळा प्रकार बघून त्यांनी बर्फ स्वतःच्याच कपाळाला लावला.

प्लास्टर तोवर घट्ट झालं होतं. ते तिनेच कापलं. मामा करवत देत होते, पण तिने कात्री घेतली आणि सावकाश, कडेकडेने कापत राहिली. लग्न झाल्यापासून इतका वेळ त्याचा हात तिच्या हातात पहिल्यांदाच होता. त्यालाही घाई नव्हती.

"दुखतंय?"

"नाही. चालू दे."

परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत दोघं तिथेच बसली. मामांनी दुसरं मनगट बाहेरच्या बाकावर बांधलं.

निकाल आला तेव्हा तिची निवड झाली होती. आजोबा म्हणाले, "मी सांगितलं होतं ना!" काय सांगितलं होतं, ते त्यांनाही आठवत नसावं.

तिकडे नवऱ्याने शब्द मनावर घेतला. ठेकेदाराच्या उरावर बसला, ठिसूळ जमिनीशी झुंजला, सकाळचे फोनही पुलावरूनच करू लागला. वर्ष संपायच्या कितीतरी आधी पूल उभा राहिला. पहिल्या दिवशी त्यावरून वयस्क डॉक्टरांची गाडी गेली. खात्यातले वरिष्ठ थक्क झाले. रखडलेलं काम असं मार्गी लावणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि असा माणूस एका गावात कुजवणं म्हणजे पापच, नाही का? दुसऱ्या एका गावात त्याहून मोठा पूल त्याहून जास्त रखडला होता. ती दोन बॅगा घेऊन नव्या गावात उतरली त्याच आठवड्यात त्याच्या बदलीचा हुकूम निघाला. जायचं होतं, ती जिथून आली त्याच गावी.

त्या आठवड्यात त्याने रोज संध्याकाळी आतून दार उघडलं. ती बेल वाजवायची, तो उघडायचा. एकदा तर विसरलेली पिशवी आणायच्या निमित्ताने ती पुन्हा खाली जाऊन आली, तेव्हा त्याने पुन्हा उघडलं.

आता ती त्याच्या खोलीत राहते आणि तो तिच्या जुन्या हॉस्पिटलमागच्या गल्लीत. सकाळी फोन होतो.

"गरम पाणी येत नाहीये," ती म्हणते.

"डावा नळ आधी थोडा सोड, मग उजवा. त्याला राग येतो. मी चहा कुठे पिऊ?"

"फाटकाजवळ नको, तो पुन्हापुन्हा उकळतो. रक्तपेढीच्या मागे जा. खिडकीजवळचा बाक धर, वारा येतो. मी तिथेच बसायचे."

"बसलोय."

इकडे पाणी गरम होतं, तिकडे चहा येतो.

"तिकडचा पूल काय म्हणतोय?" ती विचारते.

"पुष्कळ काम आहे. पण या वेळी मी शहाणा झालोय. तुझं शिक्षण संपेपर्यंत सावकाश चालवणार."

"आणि तोवर लोकांनी काय वळसा घालायचा?"

"घालू दे की," तो म्हणतो, आणि मागून कुणीतरी साहेब, साहेब म्हणून त्याला हाक मारतं. "आलो, आलो! काँक्रीट आलंय गं. फोन ठेवतो."

"आज आलं? एवढ्या लवकर?"

"मीच मागवलं," तो ओशाळून म्हणतो. "राहवत नाही."