हिरव्या तोंडाची डचेस

ब्रॉनीच्या योजनेत चूक व्हायला जागाच नव्हती. शेतातल्या रानटी सशांना सवय लागावी म्हणून दोन दिवस साधी गाजरं टाकायची, तिसऱ्या दिवशी विषारी. विषारी गाजरं हिरव्या रंगात बुडवलेली, म्हणजे माणसांचा घोटाळा नको. सशांनी गव्हाच्या रानाची पार चाळणी केली होती. जीवशास्त्राची ताजी पदवी घेऊन आलेल्या ब्रॉनीने हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंग क्लबात सगळ्यांना सांगूनच टाकलं होतं, की शनिवारपर्यंत विषय संपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी जेवायला आली. हात धुऊन होतात न होतात तोच घरमालकीण डॉरीन अंगणातून आत आली. तिच्या कडेवर तिची लाडकी पांढरी सशीण होती, डचेस.

"पोरी, हिच्या तोंडाला हे काय लागलंय?"

डचेसचे ओठ हिरवेगार होते.

 विषारी गाजरांचं अर्धं पोतं बाहेर गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात होतं. त्याचं तोंड बांधलं होतं का? आठवेना, आणि थांबून पाहायला वेळ नव्हता.

जनावरांचा डॉक्टर नव्वद किलोमीटरवर. ब्रॉनीने गाडी अशी हाणली की रस्त्याकडेचे कांगारूसुद्धा मागे सरले. धीर द्यावा म्हणून तिने समजावलं, की हे विष रक्त पातळ करतं, त्याला काही दिवस लागतात, उतारा म्हणून इंजेक्शन असतं.

"ती मरणार का, तेवढं सांग," डॉरीन म्हणाली.

डचेसने डोळे मिटले. साठाव्या किलोमीटरला ब्रॉनीचा बांध फुटला. पोतं बहुतेक उघडं होतं, गाजर अंगणात पडलं असेल, ती म्हणाली. सकाळी डचेसच्या खुराड्याची कडी आपणच लावायची विसरलो, हेही सांगितलं. कबुली द्यायला बसलीच होती, म्हणून पुढचंही निघालं: डॉरीनचा मटणाचा रस्सा ती चार महिने गुपचूप शेजारच्या कुत्र्याला घालत होती.

डॉरीन खिडकीबाहेर बघत राहिली. 

डॉक्टर हेमिशने कापसाने डचेसचे ओठ पुसले, कापूस हुंगला. मग चिमट्याने मिशीतून एक हिरवा कण काढून भिंगाखाली धरला.

"गाजर नाही हे. खोबऱ्याचा कीस आहे. पेपरमिंटचा वास येतोय. घरी असं काय होतं?"

डॉरीनने नवऱ्याला, लेसला, फोन लावला. लेसने फडताळाच्या उघड्या खालच्या कप्प्यात पाहिलं. गावच्या प्रदर्शनासाठी डॉरीनने बोलिंगच्या मैदानासारखा केक केला होता, वर हिरव्या खोबऱ्याची हिरवळ. त्या हिरवळीचा एक कोपरा नांगरल्यासारखा झाला होता.

डॉरीनने डचेसला छातीशी धरलं. डोळे पुसले. ब्रॉनी हसली, अगदी मोकळी होऊन.

परतीच्या वाटेवर निम्मं अंतर गेल्यावर डॉरीन शांतपणे म्हणाली, "आज रस्साच करते. तू जेवशील, की कुत्र्यालाच वाढू?"