ख्याकाचा वडा

ज्ञानकाजी ताम्राकारांनी त्या दुपारी एकच वडा खायचं ठरवलं होतं. तोही लहानसा बघून. पण वडा भुताचा होता, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

नेपाळातल्या पाटणच्या अरुंद गल्लीत ज्ञानकाजींचं तांब्यापितळेचं दुकान. खाली दुकान, वर राहणं, सगळ्यात वर स्वयंपाकघर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि लेक पलिस्था. घागर विकताना ते अंगठीच्या बोटानं तिला दोन टिचक्या मारायचे, श्वास रोखायचे आणि मान कलती करून ऐकायचे. गिऱ्हाइकाला वाटावं, घागर आपली कुळकथा सांगतेय. (घागर काही सांगत नाही. पण मान कलती केल्याशिवाय भाव येत नाही, हे आम्हा दुकानदारांना पक्कं ठाऊक.)

पलिस्था न्हाती झाली आणि ज्ञानकाजींची मोठी बहीण, तीर्थमाया तता (पलिस्थाची निनि, म्हणजे आत्या), भक्तपुरहून गाठोडं घेऊन हजर झाली. रीतच तशी. मुलीनं बारा दिवस अंधाऱ्या खोलीत बसायचं. ऊन बघायचं नाही, पुरुषाचं तोंड बघायचं नाही. मग बाहेर आणून तिचं सूर्याशी लग्न लावायचं.

"बापाचं तोंडसुद्धा नाही?" ज्ञानकाजींनी विचारलं.

"बाप पुरुषात मोडत नाही का?"

"बरं, दाराआडून दोन शब्द?"

"शब्द तोंडातूनच येतात ना रे? चल, खाली जा. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

वर भाच्या-पुतण्या जमल्या. पत्ते, गाणी, खिदळणं. खाली ज्ञानकाजी आणि घागरी. त्यांना जेवायला घालायचं आहे हे घरातल्या एकाही बाईच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून ते कोरडे पोहे चावत बसत आणि वरचं हसणं ऐकत. त्यात पलिस्थाचं कुठलं, ते ओळखू येईना.

खरं सांगायचं तर ती ओळखू येईनाशी होऊन वर्ष झालं होतं. पोरगी अशी सरसर वाढली की बाह्या मनगट सोडून पळायला लागल्या. कपाळावर पुटकुळ्या, पुटकुळ्यांवर ओढलेले केस. स्कूटरवर ती मध्ये दप्तर ठेवून बसू लागली. ज्ञानकाजींनी "का गं?" म्हणून विचारलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा तर आता परवानगी लागत असेल असं त्यांना वाटायचं, आणि ती कुणाकडे मागायची हे माहीत नसल्यानं हात खिशातच राहायचा. उरलं होतं ते एकच. रोज सकाळी ती साखरेच्या आजाराची गोळी घेऊन समोर उभी राहायची. "बा, आ करा." आता आ करायला सांगणारंही कुणी नव्हतं. गोळ्या कुठे असतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

तर वडा. त्या अंधाऱ्या खोलीत ख्याक राहतो म्हणतात. भूतच, पण घरगुती. त्याचं कापसाचं बाहुलं भिंतीला लावतात आणि मुलीच्या आधी त्याला जेवू घालतात. तता ते ताट नंतर दाराबाहेर, जिन्याच्या माथ्यावर, उघड्या खिडकीखाली ठेवायची. कावळ्यांसाठी.

थंडीचे दिवस. दुपारी सगळ्या बायका संत्री घेऊन गच्चीवर उन्हाला गेल्या, तेव्हा ज्ञानकाजी मोज्यांवर जिना चढले. लेकीचा आवाज कानावर पडला तर बघावं, एवढंच मनात होतं. आवाज आला नाही. वास मात्र आला. मसुराच्या डाळीचे वडे, वर तळलेलं अंडं. एक खाल्ला. मग, ताटात एकच वडा कमी दिसला तर संशय येईल म्हणून, बाकीचेही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तताचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "ख्याक जेवला गं! कावळा असता तर सांडलं असतं. ताट पुसून ठेवलंय!"

संध्याकाळपर्यंत शेजारणी ख्याकासाठी डबे घेऊन आल्या. ज्ञानकाजींना गल्लीनं इतकं कधी खाऊ घातलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही नाही. एवढंच की गूळ भरलेल्या, मोदकासारख्या योमरी वर जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, पण ताटात आल्या ते पुन्हा वडेच. आणि वरचा वडा जरा कडूच. (ततानं मेथी घातली असेल. भुतानं तक्रार करायची तरी कुणाकडे?)

असाच एक कडू वडा तोंडात असताना दाराआडून आवाज आला. "ख्याका, आहेस का?"

ज्ञानकाजींनी घास न चावता गालात सारला.

"एकदा वाजवलंस तर हो. दोनदा म्हणजे नाही. आहेस?"

बोलायची बंदी होती, वाजवायची नव्हती. त्यांनी चौकटीवर टिचकी मारली.

"पोटात असं दर महिन्याला दुखणार?"

ज्ञानकाजींना काय ठाऊक! त्यांनी एकदा वाजवलं, मग दया येऊन आणखी एकदा.

"म्हणजे नाही? आणि या पुटकुळ्या जन्मभर राहणार?"

दोन टिचक्या.

"वर्गात मीच ताडासारखी वाढलेय. माझ्यात काही बिघडलंय का?"

दोन, जरा जोरात.

मग आतून, "बा माझ्याशी बोलत नाहीत. मोठी झाले म्हणून मी त्यांना नकोशी झालेय का?"

ज्ञानकाजींनी दोनदा वाजवलं. परत दोनदा. परत. कितीदा ते त्यांनाही कळलं नाही. गच्चीवरून पावलं वाजली तेव्हा ते वळले, मोजे सटकले, आणि ख्याक ताटासकट जिना उतरला. बसून. खाली पितळी झाकणांचा ढीग होता. त्यानं त्यांना झेललं आणि सगळ्या पाटणला कळवलं.

"मांजर होतं," ते वर बघून ओरडले.

"मोठंच असणार," तता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते लंगडत औषधाच्या दुकानात गेले. दुकानातल्या सिस्टरला म्हणाले, "मुली मोठ्या होतात तेव्हा काय काय होतं, ते जरा... एका ओळखीच्यांना हवं होतं."

"त्यांचं वय?"

"खूपच जुने आहेत."

सिस्टरनं न हसता सगळं सांगितलं. मुली आधी उंच होतात, पुटकुळ्या येतात आणि जातात, पाळी सुरुवातीला मागेपुढे होते, पोट दुखलं तर शेकावं. मुलग्यांचं उशिरा सुरू होतं. ओठावर लव येते, आवाज फाटतो. "तेही बिचारे घाबरतात. त्यांना तर कुणी काहीच सांगत नाही."

ज्ञानकाजींना आपला आवाज आठवला. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगता सांगता मधेच चिरकला होता. अख्खी गल्ली हसली होती. पुढे कितीतरी दिवस ते बोललेच नाहीत. नुसती घागर वाजवून दाखवायचे. त्यांच्यासाठी कुणी अंधारी खोली केली नव्हती. केली असती तर आनंदानं जाऊन बसले असते.

मग रोज दुपारी ख्याक माहितीनिशी हजर राहू लागला. आतून प्रश्न, बाहेरून टिचक्या. पण बाहेर आल्यावर पोरगी आपल्याशी बोलेल की भुतालाच शोधत बसेल, ही काळजी त्यांना आता वड्यांपेक्षाही पचेना.

लग्नाच्या सकाळी पलिस्थाला डोळे झाकून गच्चीवर आणलं. तांब्याच्या परातीतल्या पाण्यात तिनं आधी सूर्य पाहिला, मग वर पाहिला. लाल साडी, डोक्यावर दागिने. वर्षापूर्वी खांद्याला लागणारी पोर बापाच्या कानापर्यंत आली होती. ज्ञानकाजींचे हात खिशात गेले. नव्या सुरवारीला खिसेच नव्हते.

ती सरळ त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. हातात गोळी.

"बा, आ करा."

"इतके दिवस राहूनच गेली गं."

"कुठे राहिली? रोज खाल्लीत. वरच्या वड्यात असायची. निनिकडून मागवून घेत होते. योमरी ताटात येऊ दिल्या नाहीत, त्याही मीच."

तता परातीतलं पाणी ओतत म्हणाली, "ताट पुसून ठेवणारं भूत आपल्या घराण्यात एकच."

"तू ओळखलंस केव्हा?" ज्ञानकाजींनी लेकीला विचारलं.

"संशय पुसलेल्या ताटावरूनच आला होता. पहिल्याच टिचकीला खात्री पटली. चौकट वाजवून श्वास रोखून ऐकणारा ख्याक असतो का कुठे?"

"मग माहीत असून विचारत का राहिलीस?"

"तुम्ही एरवी इतकं कुठे बोलता?"

त्यांचा हात आपोआप तिच्या डोक्याकडे गेला, दागिन्यात अडकला, आणि तिनं तो सोडवून केसांवर ठेवून घेतला. परवानगी लागली नाही. ज्ञानकाजींना वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी आपण धड केली; आईवेगळ्या पोरीला वेळेवर सगळं समजावलं.

"फक्त एक, बा," पलिस्था हळूच म्हणाली. "तुमची निम्मी उत्तरं चुकली होती. मी रोज संध्याकाळी निनिला विचारून दुरुस्त करून घेत होते."