खळ दिलेला आहेर

होणाऱ्या व्याह्यांना स्वतः कातलेल्या लोकरीचा स्वेटर आहेर म्हणून द्यायचा, असं रुद्राणीने ठरवलं तेव्हा घरात कुणी नको म्हटलं नाही. म्हणणार कोण? नवरा चन्नप्पा भुसाराच्या दुकानात गिऱ्हाइकावर ओरडायचा, पण घराचा उंबरा ओलांडला की त्याच्या जिभेला कुलूप. लेक गुरम्मा तर मान खाली घालूनच जन्मली होती. त्या मानेपायीच आधीची दोन स्थळं गेली होती. "पोरगी मुकी हाय काय?" असं विचारून गेली, ती गेलीच. टेंभुर्णीचं हे तिसरं. हेही हुकलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता सोलापूरची थंडी ती केवढी! भाकरी थापेपर्यंत असते, आमटीला फोडणी बसली की पळते. पण दुष्काळ सरला, हातांना सवड झाली आणि गल्लीतल्या बायकांना विणकामाचं खूळ लागलं. त्यात रुद्राणीचं नाव सगळ्यांत वर. बाकीच्या जणी बाजारातून लोकरीचे रंगीत गुंडे आणायच्या. रुद्राणी नाक मुरडायची.

"ती कसली लोकर? मेंढीनं कधी बघितली तरी असंल का?"

ती स्वतः माढ्याकडच्या धनगराकडून काळी लोकर आणायची, पिंजायची आणि दारात बसून टकळीवर कातायची. आत बसूनही कातता आलं असतं. पण मग येणाऱ्याजाणाऱ्याला कसं दिसणार?

व्याह्यांचा स्वेटर पुरा झाला. गोल विणलेला, कुठे शिवण नाही. दोरीवर टाकला तर स्वतःच्याच वजनाने खाली खाली येत गुडघ्याला टेकला.

"हा स्वेटर हाय का कफनी?" चन्नप्पा बोलून गेला आणि लगेच दुकानाकडे निघाला.

रुद्राणी हार मानणारी नव्हती. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती ताठ राहते, हे तिला ठाऊक होतं. तिने चिंचोके शिजवले, पातेलंभर खळ केली आणि स्वेटर त्यात बुचकळला.

"अव्वा, घोंगडी पांघरत्यात," गुरम्मा हळूच म्हणाली. "ह्याच्यात माणूस शिरणार हाय."

"शिरंल की! तू पोळ्यांकडं बघ."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा स्वेटर वरून वाळला होता, आतून ओलसरच होता. होणारे व्याही बसलिंगप्पा अंगाने धान्याच्या कणगीएवढे. त्यांची बायको चंद्रव्वा चिमूटभर, पण बोलायला लागली की कणगी गप्प बसायची.

दोन्हीकडची रीत एकच. आहेर तिथल्या तिथे अंगावर चढवायचा आणि पानावरून उठेपर्यंत उतरवायचा नाही. उतरवला तर सोयरीक उतरली. बसलिंगप्पांनी डोकं आत घातलं. रुद्राणीने स्वेटरचा गळा ताणला, चन्नप्पाने खाली ओढलं, आणि व्याही एकदाचे वरून बाहेर आले.

"गार लागतंय की हो!"

"लोकर हाय. आता ऊब धरंल," रुद्राणी म्हणाली आणि ऊब लवकर धरावी म्हणून तिने त्यांचा पाट अंगणात उन्हात मांडला.

बोलणी झकास चालली होती. ऊन चढलं. स्वेटर वाळला. आणि वाळता वाळता बसलिंगप्पांचे हात अंगापासून हळूहळू लांब होत गेले. पानं वाढली, गव्हाच्या खिरीवर, हुग्गीवर, तूप पडलं.

"पूजा करून घेतो," म्हणत त्यांनी हात गळ्याकडे नेला. तो अर्ध्या वाटेतच थांबला.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग स्वेटरच्या आत, आणि स्वेटरचा गळा वाळून पत्र्यासारखा झालेला. वरून बोट जाईना, खालून हात पोहोचेना. लिंगपूजा झाल्याशिवाय बसलिंगप्पा पाण्याचा थेंब घेणार नाहीत. स्वेटर काढल्याशिवाय पूजा नाही. आणि जेवल्याशिवाय स्वेटर काढायचा नाही!

"कातर आणा," चन्नप्पा म्हणाला.

"आहेराला कातर?" चंद्रव्वा कडाडली. "आमच्या घरात असलं अभद्र चालत न्हाय. अक्का, ह्यो स्वेटर हाय का चिलखत? आमचा माणूस लढायला न्हाय आला, सोयरीक करायला आला हाय!"

एरवी रुद्राणीने एकाला चार परत केले असते. आज ती चुलीकडे धावली. तिने तांब्याभर गरम पाणी आणलं आणि व्याह्यांच्या खांद्यावर ओतलं. खळ सुटली, पण तिचा चिकटा झाला, आणि अंगणात मेंढवाडा बसावा तसा वास सुटला. शेजारच्या भिंतीवर दोन डोकी उगवली. रुद्राणीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"मामा, जरा उभं ऱ्हावा," कुणीतरी म्हणालं.

सगळे बघत राहिले. बोलली होती गुरम्मा. तिने पदर खोचला, मानेजवळ नखाने एक टोक शोधलं आणि ओढलं. गळ्याची पहिली ओळ सुटली. "आता फिरा. हळू. इष्टलिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो, ते तुमीच धरा."

बसलिंगप्पा पाटावर गरागरा फिरू लागले. गुरम्मा उसवत गेली, गुंडा फुगत गेला. स्वेटर छातीपर्यंत उतरला. चांदीची डबी दिसताच त्यांनी भिजून मऊ पडलेल्या बाहीतला हात वाकवला आणि ती मुठीत घेतली. उरलेला आहेर अंगावरच होता, म्हणजे रीतही मोडली नाही.

"पोरी, इतकं सफाईनं उसवायला कुटं शिकलीस?" चंद्रव्वाने विचारलं.

गुरम्माचं लक्ष गुंड्यात होतं. खरं ते तोंडातून निसटलं. "रोजचंच हाय की, मामी. अव्वा दुपारी निजली की तिचं विणलेलं उसवायचं, परत नीट विणून ठिवायचं."

भिंतीवरची डोकी चार झाली होती. तांब्या हातात धरून रुद्राणी उभीच राहिली. इतक्या वर्षांत गल्लीने केलेलं सगळं कौतुक तिच्या पायाशी गुंडा होऊन पडलं होतं. चन्नप्पाने आभाळाकडे बघितलं. ढग नव्हता, तरी बघत राहिला.

पूजा झाली, जेवणं झाली. सोयरिकीचं काही कुणी बोलेना. निघायच्या वेळी चंद्रव्वाने रुद्राणीला स्वैपाकघरात ओढलं. रुद्राणी मान खाली घालून उभी राहिली, लेकीसारखी.

"पोरगी आमची," चंद्रव्वा कुजबुजली.

"आं? एवढं झाल्यावर?"

"झालं म्हणूनच की! अक्का, टेंभुर्णीत माझ्याबी विणकामाचं लई नाव हाय. थोरली लेक नांदायला गेली तवापासनं सुया हातात धरल्या न्हाईत मी. डोळं दुखत्यात म्हणून सांगते. किती दिस सांगू?" तिने रुद्राणीचा हात धरला. "चैतात उरकून टाकू. कसं?"

रुद्राणीने डोळ्यांना पदर लावला. लेक चालली म्हणून, की आणखी कशाने, ते तिलाही नीट कळलं नाही.

"चैत लई जवळ आला, ईनबाई," ती म्हणाली. "पुढल्या थंडीपतुर थांबा की. माझा एक मफलर अर्धा ऱ्हायलाय."