राडेकचं कुलूप

रविवारचं सूप टेबलावर निवत होतं आणि राडेक संगणकासमोर घामाघूम होऊन बसला होता.

राडेकला कुलपाचा मनस्वी तिटकारा. विकत घेतलेला संगणकावरचा खेळ सुरू करायला दरवेळी दुकानाची परवानगी मागायची, म्हणजे स्वतःच्या घरात शिरताना दुसऱ्याला विचारायचं, असं ऐकवून ऐकवून त्याने अख्ख्या वूच शहरातले मित्र पिडले होते. खेळ तो एकाच छोट्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचा. तिथले खेळ त्याच्या संगणकातल्या लिनक्स प्रणालीवर चालत, आणि एकदा उतरवून घेतले की कायमचे आपले. गेल्या महिन्यात त्या दुकानाने गाशा गुंडाळला. माणसं सज्जन, गिऱ्हाइकांना आधी कळवलं, खेळ उतरवून घ्यायला मुदतही दिली. राडेकने सगळे खेळ एका डिस्कवर घेतले. चोराचिलटाच्या हाती लागू नयेत म्हणून डिस्कला लांबलचक वाक्याचा पासवर्ड घातला. मग निर्धास्त होऊन संगणक साफ पुसला आणि लिनक्सचा नवा अवतार बसवला. अशी हुक्की त्याला वरचेवर येते.

आता डिस्क पासवर्ड मागत होती आणि राडेकला तो काही केल्या आठवत नव्हता.

"लग्नाची तारीख टाकून बघ," बायको बोग्ना म्हणाली.

"ती नसणार. कुणीही ओळखेल."

"कुणीही? तुला तर दरवर्षी मी सांगते."

खरी पंचाईत सासऱ्यांची होती. झेनन यांनी उभा जन्म ट्राम चालवली. त्यांचा मार्ग पुढे पालिकेने बंद केला, रूळसुद्धा उखडले. राडेककडच्या ट्रामच्या खेळात मात्र त्यांनी तो सगळ्या थांब्यांसकट पुन्हा उभारला होता. बोग्नाची आई जिथे चढायची, तो बेकरीसमोरचा थांबाही. ती गेल्यापासून दर रविवारी ते इथे जेवायला येत आणि जेवण झालं की तासभर ती ट्राम चालवत. त्या तासावर म्हातारा आठवडा काढतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

झेनन आले, जेवले. राडेकने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक पेनड्राइव्ह लटकत होता.

"ईस्टरला तू जेवून घोरत होतास, तेव्हा घेतला उतरवून. माझ्या मार्गासकट. आपली वस्तू आपल्याजवळ ठेवावी, असं तूच सांगतोस ना?"

अशी परस्पर नक्कल करणं नियमात बसतं का, असं काहीतरी राडेक पुटपुटणार होता. बोग्नाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने सूप प्यायला घेतलं.

पेनड्राइव्ह लावला, खेळ सुरू झाला आणि पडद्यावरची ट्राम बेकरीसमोर थांबली. झेनन जरा जास्तच वेळ तिथे थांबले. राडेकला भरून आलं. थोड्या वेळाने मात्र त्याला राहवेना.

"बाबा, हे असं उघडंच खिशात घेऊन फिरता? कुलूप नाही घातलंत?"

"नको रे बाबा," झेनन घंटा वाजवत म्हणाले, "मी पडलो विसरभोळा."